सहावी ‘ब’ला बसणारे सर

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहिल्याच तासाला, सहावी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर टक्कल पडलेला, साठीकडं झुकलेला एक माणूस दोन पोरांच्या मधे अंग चोरून बसला होता. पुढ्यात वही, कानावर पेन्सिल. मी फळ्यावर धड्याचं नाव लिहून वळले, तर त्याचा हात वर.

“बाई, अक्षर लई बारीक हाय. मागं दिसत न्हाय.”

हा कुणाचा पालक म्हणावा, का रस्त्यावरनं आत शिरलेला कुणी वेडसर, मला कळेना. “आपण कोण?” असं मी विचारलं खरं, पण बाहेर आलेला आवाज माझा नव्हताच. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

“मी सहावी ‘ब’,” तो उभा राहून म्हणाला. “नवीनच आलोय. तुमच्यासारखाच.”

मधल्या सुट्टीत कळलं की हे आमचे इतिहासाचे विषयप्रमुख. एकतीस वर्षं सर्व्हिस. मुख्याध्यापक म्हणाले, “ते नव्या माणसाच्या वर्गात वर्षभर असेच बसतात. तुम्ही घाबरू नका, मॅडम.” घाबरू नका असं कुणी म्हटलं की मला हमखास घाबरायला होतं. तो दिवस त्याला अपवाद नव्हता.

आणि घाबरायला कारणही होतं की! बी.एड. होऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या शाळेत पोरं कमी पडली म्हणून तुकडीच बंद झाली. दुसरीत माझ्या जागेवर संस्थेतल्याच कुणाची तरी सून आली. तिसरी शाळा ही, कोल्हापुरातली. इतिहास आणि नागरिकशास्त्र, पाचवी ते आठवी. अट एकच: पहिलं वर्ष तात्पुरतं. मार्चमध्ये संस्थेचे सचिव एक पाठ बघणार, विषयप्रमुख अहवाल लिहिणार आणि त्यावर ठरणार, मला कायम करायचं की नारळ द्यायचा. म्हणजे माझं नशीब शेवटच्या बाकावर कानाला पेन्सिल लावून बसलं होतं. तिकडं गडहिंग्लजला अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं, “पोरगी कोल्हापुरात टीचर हाय.” ‘तात्पुरती’ हा शब्द तिनं गाळला होता.

सरांच्या कोल्हापुरी चपला भयंकर वाजायच्या. वर्ग बिचकू नये म्हणून ते त्या दाराबाहेर काढायचे आणि अनवाणी मागच्या दारानं आत येऊन बसायचे. त्यामुळं व्हायचं काय, की मला येताना ते दिसायचेच नाहीत, दिसायच्या त्या चपला. शिकवता शिकवता दाराकडं नजर गेली आणि उंबऱ्यापलीकडं तो जोड दिसला, की वाक्य अर्ध्यात तुटायचं. एकदा तर मी सातवीत चपला बघून तास संपेपर्यंत घामाघूम झाले, आणि सर आत नव्हतेच. चपला संगणकाच्या मास्तरांच्या निघाल्या.

त्यांना मी काही विचारायला गेले की ते थेट उत्तर म्हणून द्यायचे नाहीत. शाळा सुटल्यावर मला रिकाम्या प्रयोगशाळेत न्यायचे, स्वतः स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, “चला, उद्याचा धडा आज मला शिकवा. मी वर्ग हाय.” आणि खरोखर वर्ग व्हायचे! आधी पहिल्या बाकावरची हुशार पोरगी व्हायचे. नाक वर करून म्हणायचे, “बाई, हे आमच्या क्लासमधी झालंय.” मग ढ पोरगा होऊन टेबलावर डोकं टाकायचे. एकदा ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं थकले असतील, वय झालंय. मी आपली शिकवत राहिले. दहा मिनिटांनी सर मान चोळत वळले.

“बाई, खिडकीत बघणाऱ्याला हाक कवा मारणार? मान अवघडली की माझी!”

मला रडू फुटलं. चार वर्षांचं एकदम. सर गडबडले, खिशातनं रुमाल काढला, तो खडूनं पांढरा झालेला. “आवं, रडताय कशाला? मी आत्ता खिडकीजवळचं पोरगं हाय. सर आसतो तर रागावलो न्हाय का आसतो?” असलं त्यांचं समजावणं. त्यानं रडू थांबलं, धास्ती नाही थांबली.

सगळी शाळा मला मॅडम म्हणायची, हे एकटे बाई म्हणायचे. आणि सगळी शाळा त्यांना त्यांच्या एका प्रश्नावरनं ओळखायची. सकाळच्या परिपाठात एखादं पोर दिनविशेष वाचायचं, आजच्या दिवशी अमुक राजाचा राज्याभिषेक, तमुक लढाई जिंकली. वाचून पोर खाली बसणार, एवढ्यात सर मागनं ओरडायचे, “दुसऱ्या दिवशी काय झालं?” पोर गारठायचं. “लढाई जिंकली. बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात भाकरी कुणी भाजली? पीठ शिल्लक होतं का?” मग त्या पोराला आठवडाभर ते शोधत बसावं लागायचं. हा प्रश्न ते कुणालाही घालायचे. गणिताच्या मॅडम एकदा लेकीच्या साखरपुड्याचं कौतुक सांगत होत्या, किती माणूस आलं, काय जेवण होतं. सर शांतपणे म्हणाले, “आणि दुसऱ्या दिवशी?” त्या मॅडम दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्या वहीनं मात्र माझी झोप उडवली होती. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची. माझ्या तासाला ते त्यात सारखं काहीतरी लिहायचे. शिक्षकखोलीत सगळ्यांचं एकच मत, अहवाल तयार होतोय. डिसेंबरात एकदा ते बाहेर गेले असताना वही टेबलावर राहिली. मी इकडंतिकडं बघितलं आणि उघडली. आत काय असावं? मी शिकवलेल्या सगळ्या धड्यांच्या नोट्स! पोरांनी काढाव्यात तशा. मी दिलेला गृहपाठ, तोसुद्धा सोडवलेला. आणि समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘इथं बाई घाबरल्या.’ ‘इथं घाई झाली, मला कळलं नाही.’ ‘आज सतरा वेळा ठीक आहे म्हणाल्या.’ एका पानावर नुसतंच, ‘आज कळलं.’ तेवढं एक पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण अहवालात त्यातलं काय जाणार, हे त्या वहीत कुठंच नव्हतं.

जानेवारीत त्यांनी मला एक काम सांगितलं, तेही लाजत. त्यांचा आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव संगणकावर टाइप करायचा होता. याआधी दोनदा प्रस्ताव गेला होता, दोन्ही वेळा मागंच राहिला. मे महिन्यात ते रिटायर होणार, म्हणजे यंदाची संधी शेवटची. प्रस्तावावर शिफारस सचिवांची लागायची. मी टाइप करायला बसले, हे माझ्या खुर्चीमागं उभे. लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवाची चुळबुळ.

“बाई, ह्यात ‘उपक्रमशील’ आसं कुठंतरी बसवा की.”

“बसवलंय सर. दोनदा.”

“फोटो ह्यो फेट्यातला लावू का साधा? मंडळी म्हणत्यात फेट्यातला लावा. त्यांनी भिंतीवर जागा काढून ठेवलीया, सन्मानपत्राला.” मंडळी म्हणजे त्यांच्या बायको. “तिथं आदी कॅलेंडर होतं.”

मी हसले. एवढा मोठा माणूस, सगळ्या जगाला दुसऱ्या दिवसाचा हिशेब विचारणारा, आणि एका कागदासाठी इतका आतुर! मला ते त्या दिवशी फार जवळचे वाटले. त्यांनाही काहीतरी हवं होतं, माझ्यासारखंच.

मार्च जवळ आला तशी माझी अन्नावरची वासना गेली. पाठ ठरला सहावी ‘ब’ला, हडप्पा संस्कृती. नेमकं त्याच आठवड्यात सरांना मतदार यादीच्या कामाला लावलं, ते शाळेत नव्हते. माझा जीव टांगणीला. गणिताच्या मॅडमना दया आली. त्या म्हणाल्या, “आगं, एवढं काय घेऊन बसलीस? हाताचं शिकीव की पोरांना.”

“कसलं हाताचं?”

“तुला म्हाईत न्हाय? आपल्या शाळेची पद्धतच हाय ती. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. ज्याला येतंय त्यानं उजवा, ज्याला येत न्हाय त्यानं डावा. तू उजव्यालाच उठवायचं. सचिवांना हात मोजायची सवय हाय. सगळे हात वर दिसले, की खूश.”

मला कसंतरी वाटलं. पण खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतंच वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी पोरांना हाताचं शिकवायला लागले. पोरांना मजा. चार दिवस सराव घेतला, आणि तो घेताना मी उभी राहायचे मागं, सरांच्या बाकापाशी, कारण तिथनं सगळा वर्ग दिसतो हे मला सरांनीच शिकवलं होतं. मागनं बघितलं की पोरांचा उजवा हात माझ्याही उजव्या बाजूला. चार दिवस तेच डोक्यात पक्कं बसलं.

तपासणीच्या दिवशी सचिव आणि मुख्याध्यापक खिडकीकडेला खुर्च्या टाकून बसले. सर मतदार यादीच्या कामातनं तेवढ्या तासापुरते आले, चपला बाहेर काढल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. मी फळ्यापाशी.

“हडप्पा संस्कृतीतली घरं कशाची बांधलेली होती?”

सगळे हात वर! सचिवांनी मुख्याध्यापकांकडं बघून मान डोलवली. मला धीर आला. मी माझ्या उजव्या बाजूचा एक हात बघितला आणि म्हटलं, “प्रणाली, तू सांग.”

प्रणाली उभी राहिली आणि माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत नुसतं आश्चर्य. बस म्हटलं. दुसऱ्याला उठवलं, तोही गप्प. तिसरी खाली मान घालून उभी. वर्गात चुळबुळ सुरू झाली. सचिवांच्या कपाळाला आठी. मला कळेना, हे चाललंय काय? मी चौथ्याला उठवलं, सोहमला. तो जवळजवळ रडकुंडीलाच आला.

“मॅडम, मी डावा केल्ता की!”

आणि लख्खकन कळलं. आज मी समोर उभी होते. त्यांचा डावा तो माझ्या उजव्या बाजूला. ज्याला येत नव्हतं नेमकं त्याला, एकेकाला हुडकून काढून मी उभं केलं होतं. इतिहासाच्या बाईला आरशाचा हिशेब आला नाही!

“डावा म्हणजे काय?” सचिवांनी विचारलं.

मी मागं बघितलं, सवयीनं. सर बसले होते आणि त्यांचाही हात वर होता. डावा. मी थिजले. हे तर आठवडाभर शाळेत नव्हते. यांना कुणी सांगितलं? पण विचार करायला वेळ नव्हता. सचिव उत्तराची वाट बघत होते, सोहम डोळे पुसत होता. त्या पोरावर ढकलून देता आलं असतं. पोरं काहीही बोलतात साहेब, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“मी शिकवलं होतं, साहेब,” मी म्हणाले. “येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. सगळे हात वर दिसावेत म्हणून. पोरांची काही चूक नाही.”

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. सचिव घड्याळाकडं बघत बसले. नोकरी गेली, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि गंमत म्हणजे धास्ती थांबली. तास संपायला वीस मिनिटं होती. मागनं आवाज आला.

“बाई, माझा हात अजून वर हाय.”

“बोला.”

“त्या लोकांची लिपी सापडलीया म्हणं. तर त्यांनी त्यात काय लिवलंय?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “मलाच नाही असं नाही, अजून कुणालाच ती नक्की वाचता आलेली नाही.”

“कुणालाच न्हाय?” पहिल्या बाकावरची हुशार पोरगी चक्रावली. “मग पुस्तकात एवढं कसं काय लिहिलंय?” आणि मग वर्ग सुटला! विटांवरनं काय कळतं, गटारावरनं काय कळतं, खेळण्यांवरनं काय कळतं, आणि काय कळत नाही. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून बोलत होती. हात वर करायची शुद्ध कुणाला नव्हती. सोहमनं विचारलं, “मॅडम, त्यांच्यात शाळा होती का?” मी म्हटलं, बहुतेक कुणाला माहीत नाही. तो खूश झाला. घंटा झाली तेव्हा सचिव उठून निघून गेले. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. अव्वाचा फोन आला की “आत्ता तासाला चाललेय” म्हणून ठेवून द्यायचे. दाराबाहेर चपला दिसेनात, सर माझ्या वर्गात यायचेच बंद झाले. एरवी ज्या चपलांना मी घाबरायचे, त्या नाहीत म्हणून आता जास्त घाबरले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर एक कागद ठेवला. “अहवाल हाय. ज्याच्यावर लिवलं त्यानं आदी वाचायचं, मग फुडं. ही माझी रीत हाय.”

मी वाचायला लागले. सुरुवातीलाच माझं पाप होतं, स्वच्छ अक्षरात: ‘बाईंनी वर्गाला उजवा-डावा हात शिकवला होता. ते उघडकीला आल्यावर त्यांनी स्वतःहून मान्य केले, दोष मुलांवर घातला नाही. त्यानंतरची वीस मिनिटे त्यांनी उत्तम शिकवले.’ मग दुसरा परिच्छेद आला. ‘ही पद्धत या शाळेत मी सुरू केली. माझ्या पहिल्या तपासणीला मी वर्गाला असेच हात शिकवले होते. मला उत्कृष्ट असा शेरा मिळाला. पुढच्या शिक्षकांनी ती माझ्याकडून उचलली. एकतीस वर्षांत मी हे वरिष्ठांपैकी कोणाला सांगितलेले नाही. बाईंनी पहिल्याच वर्षी सांगितले. जी गोष्ट करून मी कायम झालो, तिच्यासाठी त्यांना काढणे योग्य नाही. त्यांना कायम करावे.’

डावा हात त्यांना कसा ठाऊक होता ते कळलं.

“सर, सोमवारी तुमचा प्रस्ताव सचिवांच्या टेबलावर जाणार आहे.”

“व्हय.”

“हा कागदही तिथंच जाणार.”

“व्हय की. टेबल एकच हाय.”

“मग हे दुसरं कशाला लिहिलंत? माझं तेवढं लिहा. ते खरंच आहे.”

ते स्टुलावर बसले, टकलावरनं हात फिरवला. “बाई, तुमचं एकटीचंच लिवलं तर ती चुगली झाली. ते आलं कुठनं, ते लिवल्याबिगर त्याला इतिहास कसा म्हणू?” स्टूल जरा पुढं ओढलं. “मी तुमच्या मागं वर्षभर बसलो. तुम्हाला वाटलं आसंल, चुका काढाया बसलाय म्हातारा. मी दरसाली नव्या माणसाच्या वर्गात बसतो ते कोण हात न शिकवता तरतंय का, ते बघाया. अजूनपतोर कुणी तरलं न्हाय. तुम्ही बी न्हाय. पण तुम्ही बोलला.”

मग त्यांनी कानावरची पेन्सिल नाही, खिशातलं पेन काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. “आता तुमच्या हातात हाय. दुसरं नगं वाटत आसंल तर खोडा. तेवढं खोडून मी सही करतो. मी पाणी पिऊन येतो.” आणि ते बाहेर गेले. चपला वाजत गेल्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत.

मी पेनाचं टोपण काढलं. दुसरा परिच्छेद खोडला असता तर भिंतीवरची ती जागा भरली असती. पण ‘कायम करावे’ हेही त्यातच होतं; ते गेलं असतं तर अहवालात माझं पाप तेवढं उरलं असतं, मला ठेवायचं कारण काहीच नाही. मला त्यांची मंडळी आठवली, ज्यांना मी कधी बघितलंही नव्हतं. मला अव्वा आठवली. खोलीत ॲसिडचा जुनाट वास होता आणि मी बसून होते.

चपला परत वाजायला लागल्या तसं मी घाईनं टोपण लावलं. सर आले, कागद उचलला, आधी दुसरा परिच्छेदच बघितला. तो जागेवर होता. ते जरा थांबले.

“बरं झालं,” म्हणाले आणि सही केली. त्या ‘बरं झालं’मध्ये काय होतं, ते मला अजून लागत नाही.

मला जूनमध्ये ऑर्डर मिळाली. त्यांचा प्रस्ताव संस्थेच्या कपाटातनं बाहेर पडलाच नाही, कुणी कारणही दिलं नाही. निरोप समारंभाला सचिव आले नाहीत. मी तिथं भाषण केलं, चपला सांगितल्या, खिडकीतलं पोरगं सांगितलं, लोक हसले, सरही हसले. त्या शनिवारचं तेवढं गाळलं. पण जाण्याआधी सरांनीच गणिताच्या मॅडमना ते सांगून टाकलं होतं, त्यामुळं आता शिक्षकखोलीत कुणी विषय काढला की म्हणतात, सरांनी तुमच्यासाठी केवढं केलं, आणि तुम्हीही त्यांचा शब्द मोडला नाहीत, त्यांच्या खरेपणाचा मान राखलात. मी मान हलवते. मान-बिन काही राखला नव्हता मी. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं होतं, खोडणं न खोडणं माझ्यावर सोडलं होतं, आणि मी खोडलं नाही, कारण मला नोकरी हवी होती.